हंगामापुरतं कार्ड

मुलाचे ओठ निळे पडले होते आणि मी त्याला ऊठ म्हणत होते. साखर कारखान्याच्या गेटाबाहेर सायकली लावायचा कट्टा आहे, त्यावर तो बसला होता. सकाळच्या पाळीचा भोंगा होऊन गेला होता. उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते, धुरळा उडत होता, आणि चाळिशीतला माझा मुलगा गुडघ्यांवर हात टेकून तोंडानं श्वास घेत होता.

"आई, आज न्हाय जमायचं," तो म्हणाला.

"जमंल. ऊठ. आत जाऊन बस. हितं बसू नको, लोक बघत्यात."

गेटावरच्या वॉचमननं बघितलंच. "काय रं, हंगाम सुरू होऊन आठवडा न्हाय झाला आन् दमला व्हय?"

"रात्री हरभऱ्याची उसळ जास्त खाल्ली," मी म्हणाले. "पोट धरलंय त्याचं."

"मग संडासाजवळची ड्यूटी माग म्हणावं साहेबाला."

मी हसले. हसणं भाग होतं. तेवढ्यात आतून मुलाचा जोडीदार आला. एकाच खात्यात, एकाच पाळीत दोघं. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा गडी, अंगानं दांडगा. त्यानं मुलाच्या मानेत हात घातला, बाहेरच्याला मस्करी वाटावी असा, आणि त्याला उचललाच. "चल गड्या. बायको न्हाय हितं तुझी, कुणाला नखरं दाखवतोस?" आणि तसाच धरून आत नेला. हजेरीवर सही झाली. मी गेटाबाहेर उभी राहिले.

आजारी मुलाला त्याची आई कामावर का ढकलते, ते सांगते.

मुलाच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापानं खराब झालेली होती. आम्हाला माहीत नव्हतं. श्रावणात त्याला जिना चढवेना, म्हणून बारामतीला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं. झडप आवळत चालली होती, ती बदलावी लागणार होती. "दिवाळीच्या पलीकडं ढकलू नका," तो म्हणाला, "आणि जड काम बंद."

मी विचारलं, "कारखान्याच्या कार्डावर हुईल का?"

"कार्ड चालू असेल तर होईल."

कार्ड चालू नव्हतं. मुलगा कारखान्यात हंगामी आहे. पॅनवर, म्हणजे जिथं उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरतात तिथं. गाळप सुरू झालं की कामावर, गाळप संपलं की घरी. पूर्वी विम्याचं कार्ड हंगामी माणसालाही वर्षभर चालायचं. करोनानंतर कारखाना अडचणीत आला, पगार मागं पडायला लागले, आणि खर्च कमी करायचा म्हणून संचालकांनी ठरवलं की हंगामी कामगाराचा विमा हंगामापुरताच. म्हणजे आमच्याकडच्या माणसानं आजारी पडायचं ते कार्तिकापासून चैत्रापर्यंत. आम्ही तसे पडायचोही. आमच्या गावात हर्निया आणि मुतखडे लोक बॉयलर पेटेपर्यंत धरून ठेवायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. झडप धरून ठेवायची म्हणजे काय, ते आमच्या घराला कळलं.

सरकारी योजना होती. तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाला होती. आता सगळ्यांना केली म्हणतात. आमचं कार्ड पांढरं. आमच्या मालकांनी, मुलाच्या वडिलांनी, त्याच्या लग्नाआधी तहसीलला खेटे घालून ते करून आणलं होतं. केशरी कार्ड दिसलं तर पाहुणे म्हणतील हे रेशनच्या गव्हावर जगणारे, पोरगी कशी द्यायची. इकडं सोयरीक करताना लोक असं बघायचे. पांढऱ्या कार्डावर सोयरीक जमली, सून चांगली मिळाली. मालक पुढं वारले. कार्ड पांढरंच राहिलं. ते बदलायला मी इंदापूरला गेले तर तिथला कारकून म्हणाला, उत्पन्नाचा दाखला आणा, पगाराचा कागद आणा, मग चौकशी. चौकशी कधी, तर सांगता येत नाही.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तारीख मिळाली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. जमीन विकावी तर ती दिराच्या आणि आमच्या सामाईक नावावर. दीर म्हणाला, "वैनी, पोरगं माझंबी हाय, पर सही मागू नका." मग सुनेनं विम्याचा एजंट घरी बोलावला. चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा होता. चहा घेतला, मोबाइलवर रंगीत चित्रं दाखवली.

सुनेनं विचारलं, "आधीपासूनचा आजार चालतो का?"

"चालतो की ताई. फक्त तीन वर्षं थांबावं लागतं."

"आणि तीन वर्षांत काय झालं तर?" मी म्हणाले.

"दुसरं काही झालं तर मिळतं, मावशी. पाय मोडला, डेंगी झाला."

"मग त्याला पाय मोडून घ्यायला सांगते."

त्यानं कप खाली ठेवला आणि गेला. वाईट नव्हता. त्याच्या हातात काही नव्हतं.

कारखान्याच्या कार्डाला मात्र आधीचा आजार चालायचा. कामगार नावावर आला, हप्ता भरला, की पहिल्या दिवसापासून सगळं लागू. म्हणून एकच वाट उरली. बॉयलर पेटेपर्यंत मुलाला जपायचा, मग कामावर हजर करायचा, कार्ड चालू झालं की त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचा. आणि तोवर कारखान्यात कुणाला कळू द्यायचं नाही. कारण हजर होताना तब्येतीची तपासणी असते. नापास झाला की नाव कमी. त्या वर्षी ऊस थोडा आणि माणसं जास्त. नाव कमी करायला कारण शोधतच होते.

बॉयलर दसऱ्याला पेटायचा तो दिवाळी झाल्यावर पेटला. तोवर मुलगा ओसरीवर बसून असायचा. मी त्याला बादलीसुद्धा उचलू दिली नाही. गावात सांगितलं की कंबर धरलीय. शेजारीण तेल घेऊन आली, कंबर चोळून देते म्हणाली. तेही चोळून घेतलं.

तपासणीच्या दिवशी मी दवाखान्याच्या दाराशी थांबले. कारखान्याचा डॉक्टर म्हातारा, एरवी खुर्चीतून उठत नाही. त्या दिवशी नेमकी त्यानं नळी कानाला लावली. मुलाच्या छातीवर ठेवली. काढली, परत ठेवली.

"जिना चढताना दम लागतो?"

"न्हाय साहेब."

"रात्री उशाला किती उशा घेतो?"

"एक."

तीन घ्यायचा. डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं, दारात माझ्याकडं बघितलं आणि कागदावर सही केली. त्यानं काय ऐकलं, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

पॅनचं काम वरच्या मजल्यावर. लोखंडी जिना, वर वाफ आणि उष्णता. जोडीदाराला मुलानं खरं सांगितलं होतं, एवढ्या एकालाच. तो मुलाच्या वाटणीच्या चकरा स्वतः मारायचा आणि मुलाला काचेशी दाणा बघायला बसवायचा. एकदा वर चढवला की पाळी संपेपर्यंत खाली उतरू द्यायचा नाही. डबा पण वरच. मी रोज वडापच्या, माणसं भरभरून नेणाऱ्या जीपमधून मुलासोबत गेटापर्यंत जायचे. निमित्त डब्याचं.

आणि कार्ड चालू होईना. सून रोज मोबाइलवर नंबर टाकून बघायची. नाव यायचं नाही.

त्या सकाळी, तो कट्ट्यावर बसला होता त्या सकाळी, जोडीदार त्याला आत घेऊन गेला आणि मी लेबर ऑफिसात गेले. खरं सांगायची सोय नव्हती. म्हणून डोळ्याचं सांगितलं. आईबापही त्या कार्डात धरलेले असतात.

लेबर ऑफिसर पन्नाशीचा, टकला, समोर स्टीलच्या पेल्यात चहा.

"साहेब, माझ्या डोळ्याचं आपरेशन करायचंय. कार्ड कवा चालू हुयाचं?"

"मावशी, मोतीबिंदू काय पळून जातोय का? हुईल."

"कवा?"

"हप्ता भरला की."

"आन् हप्ता कवा भरायचा?"

"पैसं आलं की. बँक उचल देईना. गेल्या साली शेतकऱ्याचं बिल द्यायलाच नाकी नऊ आले."

"आमच्या पगारातनं कापून घेताय न्हवं हप्ता?"

"पगार झाला की कापणार. पगार कुठं झालाय अजून?"

मी उठले नाही. त्यानं कागद चाळले, फोन केला, परत माझ्याकडं बघितलं. "मावशी, घरी जावा."

"बसते जरा. ऊन लागलंय."

"सकाळचं आठ वाजल्यात. कुठलं ऊन?"

"म्हातारीला लागतं."

शिपाई हसला. साहेबानं त्याला बाहेर पाठवला आणि आवाज खाली आणला. "तुमचा मुलगा पॅनला हाय ना? काल मी वर गेलतो. जिन्यात बसला हुता."

मी म्हणाले, "बुटाची लेस बांधत असंल."

"चपला हुत्या पायात." मग त्यानं हात वर केला. "काय बोलू नका. तुमी सांगितलं तर मला कळलं असं हुईल, आन् मला कळलं तर मला लिवावं लागंल. तुमच्या डोळ्याचंच बोला."

मी डोळ्याचंच बोलले. "दिसत न्हाय साहेब. रोज जास्तीच दिसंना झालंय. डाक्टर म्हणतो उशीर झाला तर कायमचं जाईल."

त्यानं चहाचा पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "पहिली साखर व्यापारी उचलणार हाय. तिचं पैसं आलं की पहिला हप्ता विम्याचा भरा, असं मी वर सांगतो. सांगतो एवढंच. भरायचं माझ्या हातात न्हाय."

म्हणजे माझ्या मुलानं मरायला टेकलेल्या छातीनं जी साखर शिजवली होती ती विकली गेली, तर त्या पैशातून त्याचं कार्ड चालू होणार होतं. तोवर त्यानं आणखी शिजवायची. मी घरी आले आणि सुनेला एवढंच म्हणाले की अजून थांबायचंय. ती म्हणाली, "आत्या, आणि नाही थांबता आलं तर?" मी भाकरी थापायला बसले.

पुढचे दिवस सगळे सारखेच गेले. सकाळी मी त्याला उठवायचे, त्याच्या अंगात कपडे घालायचे, जीपमध्ये बसवायचे. तो माझ्याशी बोलेनासा झाला होता. एकदा जीपमधल्या सगळ्यांदेखत म्हणाला, "तुला पोरगं पायजे का कार्ड?" बाजूची बाई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "दोन्ही." त्याला घरी ठेवला असता तर गैरहजेरी लागून नाव गेलं असतं. कामावर पाठवत होते तर जिन्यात जाईल अशी भीती. रात्री त्याच्या खोलीच्या दाराला पाठ लावून मी झोपायचे आणि त्याचा खोकला ऐकत राहायचे. खोकला थांबला की उठून बघायचे.

साखरेचे ट्रक गेले. मी गेटाबाहेरून बघितले, ताडपत्री बांधलेले, इंदापूरच्या रस्त्याला लागलेले. त्यानंतरही कार्ड आलं नाही. मग एक दिवस दुपारी सून धावत परसात आली, हातात मोबाइल. नाव आलं होतं. तिनं मला वाचायला दिलं. मी चौथी शिकलेय. वाचलं. तिचं, त्याचं, नातीचं, माझं, चौघांची नावं होती.

सुनेनं फोन लावला तसा जोडीदारानं त्याला पाठीवर घेऊन जिना उतरवला. पाळी अर्धी झाली होती, ती सोडून तो आला. आम्ही जीप करून बारामतीला, तिथून दवाखान्याच्याच गाडीतून पुण्याला गेलो. पुण्याच्या दवाखान्यात विम्याच्या खिडकीशी बसलेल्या मुलीनं विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

"आजपासून," मी म्हणाले.

"आजी, ही कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे. आधीपासून असला तरी चालतं."

ते मला माहीत होतं. पण खोटं बोलायची जिभेला सवय झाली होती. सुनेनं मग श्रावणापासूनचं सगळं सांगितलं. मंजुरी यायला रात्र गेली. डॉक्टर येऊन बघून गेला आणि म्हणाला, एवढा वेळ कुठं होता तुम्ही? ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. झडप धातूची बसवली.

जोडीदाराला अर्धी पाळी सोडली म्हणून नोटीस मिळाली. पुढच्या हंगामाला माणसं कमी केली त्यात त्याला बोलावलं नाही. तो आता भिगवणकडं मासळीच्या गाडीवर जातो. आमच्या घरी येतो, जेवतो.

मुलाला पॅनवरून काढून वजनकाट्यावर बसवलं. हंगामीच. रक्त पातळ ठेवायची गोळी त्याला जन्मभर आहे, आणि रक्त तपासत राहावं लागतं. मध्यंतरी बारामतीच्या एमआयडीसीत बारमाही काम मिळत होतं, पगार बरा, पण ठेकेदाराकडून. कार्ड नाही. बाहेरचा विमा विचारला तर धातूची झडप म्हटल्यावर समोरचा फोन ठेवतो. म्हणून तो कारखाना सोडू शकत नाही, आणि कारखाना यंदा चालणार की नाही हे दर पावसाळ्यात कुणालाच माहीत नसतं. चैत्रात कार्ड बंद होतं. मग बॉयलर पेटेपर्यंत सून त्याला गाडी चालवू देत नाही, झाडावर चढू देत नाही, पावसात भिजू देत नाही. तो चिडतो. चिडू दे.

माझ्या डोळ्यात खरंच मोतीबिंदू निघाला, पुढच्याच वर्षी. हंगाम संपला होता. ऑपरेशन अजून केलेलं नाही.

त्या वर्षी हजर झालेल्यांत दुसरा एक हंगामी होता, बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या खात्यात. त्यालाही छातीचं होतं, हे नंतर कळलं. तोही कार्डाची वाट बघत होता. साखरेचे ट्रक जायच्या आधी तो घरीच वारला. माझा मुलगा जगला.