दमा, पंप आणि चारचौघं

मुलुंडला छातीच्या डॉक्टरचा दवाखाना टाकलात की बाकी काही साठो न साठो, किस्से साठतात. माझ्याकडे इतके साठलेत की मी घरी सांगायला बसले की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो. आता तुम्हीच ऐका. नावं तेवढी बदललीत.

मूळ वैताग असा, की दम्याचे प्रकार असतात हे कुणाला पटतच नाही. कुणाला धुळीने होतो, कुणाला धावल्याने, कुणाला कामाच्या जागी. कुणाला धाप न लागता नुसता खोकलाच येतो. पण लोकांच्या मते दमा दोनच प्रकारचा: शेजाऱ्यांना कळलेला आणि न कळलेला!

*

केतकीची आई दुसऱ्या प्रकारातली. केतकी लहानपणापासून माझी पेशंट. धूर, धूळ, थंड हवा, काहीही झालं की छाती भरते. तिचं लग्न ठरलं आणि आई एकटीच आली.

"डॉक्टर, फाइलवर दमा लिहिलंय ना, तिथे अ‍ॅलर्जी लिहा."

"का हो?"

"सासरी कळलं तर लग्न मोडेल! पंप मी माझ्याच पर्समध्ये ठेवणार आहे."

"आणि होमाच्या धुराने अटॅक आला तर?"

"लग्नात कुणाला अटॅक येतो का!"

मी डोक्याला हात लावला.

*

जोशीकाकांना रात्रभर खोकला. मी विचारलं, "घरात कुत्रा, मांजर?"

"छे!"

"पक्षी पाळलेत?"

"अजिबात नाही."

काकू मागून म्हणाल्या, "अहो, बेडरूमच्या खिडकीतली कबुतरं?"

काका उखडले. "ती पाळलेली नाहीत! ती आपली आपण राहतात. मी फक्त दाणे टाकतो!"

*

एक पेशंट भांडुपच्या बेकरीत मैदा चाळतात. गावी गेले की ठणठणीत, कामावर आले की धाप. पिठाच्या धुळीचा दमा, सरळ आहे. मास्क लावा म्हटलं. पुढच्या खेपेला तेवढीच धाप.

"मास्क लावता ना?"

"लावतो की मॅडम! जाता-येता रिक्षात लावतो."

"आणि बेकरीत?"

"आत नाही. मैद्याने खराब होतो ना तो!"

*

सोहम खो-खो खेळतो. धावला की छातीत शिट्टी वाजते. मी वडिलांना समजावलं, "खेळाआधी पंपाचे दोन पफ द्यायचे आणि बिनधास्त धावू द्यायचं."

वडिलांचा चेहरा खुलला. "म्हणजे बसून अभ्यास केला तर काहीच त्रास नाही?"

"नाही, पण..."

"बघ सोहम! डॉक्टर पण तेच म्हणतायत!"

पोराने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच अपराधी वाटलं. मग वडिलांना अर्धा तास झापलं. सोहम अजून खेळतोय.

*

पंपाचं तर विचारूच नका. निळा धाप लागली की, तपकिरी रोज. एवढं साधं, पण हा रंगांचा हिशोब ज्याच्या घरात दमा आहे त्यालाच कळतो. बाकीच्यांना पंप म्हणजे नुसता पंप.

एक गृहस्थ तपकिरी घेतच नाहीत. "रोज घेतला तर सवय लागेल."

"मग दातही रोज घासू नका," मी वैतागून म्हटलं.

"दात घासतो हे लोकांना सांगता येतं, डॉक्टर!"

*

केतकीच्या लग्नाला मी गेले. होम पेटला आणि व्हायचं तेच झालं. ती खोकायला लागली, चेहरा उतरला. आई सगळ्यांना सांगतेय, "ठसका लागला हो, ठसका!" मी सरळ आईच्या पर्समधून निळा पंप काढला, केतकीला आतल्या खोलीत नेलं आणि दोन पफ दिले. थोड्या वेळाने जिवात जीव आला. बाहेर आईचं चालूच, "मेकअप ठीक करतायत!"

पंप मात्र केतकीने परत दिला नाही.

पंगतीत घास भरवायची वेळ आली. "नाव घे, नाव घे!" गलका झाला. आईने उखाणा पाठ करून घेतला होता. केतकीने एका हातात जिलबी घेतली, दुसरा हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"धूर, धूळ, थंड हवा, तिन्ही मला बाधतात,
निखिलरावांचं नाव घेते, दम्याचा पंप हातात!"

आईचा हात ताटातच राहिला. मुलीकडे बघायचीही तिची हिंमत होईना.

समोर बसलेल्या सासूबाईंनी चष्मा वर केला, केतकीच्या हाताकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या,

"हा निळा झाला. तपकिरी रोज घेतेस ना गं?"