ताटाजवळचा डावा हात

माझ्या खानावळीत दारू पिऊन आलेली माणसं जेवली आहेत. ओकलेल्यांना मी बादलीभर पाणी टाकून धुतलं आहे. एकानं भाजी आवडली नाही म्हणून ताट भिंतीवर मारलं, ती भिंत मीच पुसली. यांची मला कधी किळस आली नाही. पाणी टाकलं की ते संपायचं. किळस बसली ती एका स्वच्छ माणसाची. रोज दाढी करणारा, जेवणाआधी साबणानं हात धुणारा, ताटात एक शीत न ठेवणारा माणूस होता तो.

खानावळ साकोलीत आहे. रस्त्याच्या पलीकडे धानाचं जुनं गोदाम आहे. सहा वर्षांपूर्वी गोदामाच्या मालकानं पोती काढून तिथं पूलची दोन टेबलं टाकली. हिरव्या कापडाचं मोठं टेबल, कडेला जाळ्या, रंगीत गोट्या आणि त्या ढकलायला लांब काठी. काठीच्या टोकाला निळा खडू घासतात, म्हणजे ती घसरत नाही. मी चौथी शिकलेली बाई, हा खेळ मला कोण शिकवणार? पण माझी शेगडी दारासमोर आणि त्यांचं दार माझ्या शेगडीसमोर. भात शिजेपर्यंत माणसाचे डोळे कुठं तरी जातातच.

आधी गावची पोरं तासावर खेळायची. मग पैशावर खेळू लागली. पैसा लागला तसे बाहेरचे येऊ लागले. राजनांदगाव, बालाघाट, गोंदिया, तुमसर असे हे लोक फिरत असतात. त्यांचं नाव कुठं छापून येत नाही, त्यांना कोणी बक्षीस देत नाही. ओळख नसणं हेच त्यांचं भांडवल. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. धान विकून हातात पैसा आलेला असतो, पाहुण्यांनी घरं भरलेली असतात, दिवसभर बाजार आणि दंडारीचं नाचगाणं चालतं. तेवढ्या दिवसांसाठी हे येतात. येताना काही तरी सोंग घेऊन येतात. कोणी बियाण्याचा एजंट, कोणी मोटारपंपवाला. आणि आल्यावर हरतात. आठ-आठ दिवस हरतात. हरायला शिकलेली माणसं मी यांच्यातच पाहिली. असाच एक जण पूर्वी माझ्याकडे जेवून गेला होता, आणि माझ्याच एका जेवणाऱ्या मास्तरची मोटरसायकल घेऊन गेला होता.

मागच्या वर्षी दिवाळीच्या दहा दिवस आधी दोघे आले. एक पन्नाशीचा, चष्मा, थोडं पोट. दुसरा काडीसारखा, सारखा हसणारा. त्यातला मोठा, चष्मेवाला, म्हणाला की तो राइस मिलमध्ये धान सोलायला लागतात ते रबर रोल विकतो, या भागातल्या मिलांमध्ये फिरायचं आहे, महिनाभर दोन वेळचं जेवण लागेल. महिन्याचे पैसे त्यानं तिथंच मोजून दिले. दिवाळीत माझे जेवणारे आपापल्या गावी जातात, शेगडी थंड पडते. मी पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला वरण वाढत होते. उजव्या हातानं तो कालवत होता आणि डावा हात ताटाजवळ टेबलावर टेकलेला होता. चार बोटं पसरून दाबलेली आणि अंगठा वर उचललेला. अंगठ्याच्या मुळाशी एक खाच तयार झाली होती, काठी सरकायला जशी लागते तशी. पंचवीस-तीस वर्षं तेच केलं की हात कुठंही टेकला तरी तसाच बसतो. माझ्या सासूचा हात मरेपर्यंत भाकरी थापल्यासारखाच बसायचा. मी त्याची नखं पाहिली. साबणानं धुतलेली, तरी कडेला खडूचं निळं होतं. मिलमध्ये फिरणाऱ्या माणसाच्या भुवयांवर कोंडा बसतो, याच्या भुवया तेल लावल्यासारख्या काळ्या होत्या.

मला कळलं. मी त्याला आणखी भात विचारला आणि गप्प राहिले. खानावळ सासूनं माझ्या हाती दिली तेव्हा एकच गोष्ट सांगितली होती की ज्याला ताट वाढलं त्याची गोष्ट रस्त्यावर सांगायची नाही. मी ती पाळली असं लोकांना सांगू शकते. खरं म्हणजे महिन्याचे पैसे डब्यात पडले होते आणि परत काढायचे नव्हते.

आता जवायाचं सांगते. मला एकच लेक. जवाई एकोडीचा, चांगल्या धानाच्या घरातला, पण भावांत पटलं नाही म्हणून वाटणी घेऊन माझ्याकडे राहायला आला. लेकीचं सोनं आणि त्याचा हिस्सा मोडून एक जुना टेम्पो घेतला. त्यात माझ्या खानावळीचा भाजीपाला यायचा आणि मंडईच्या दिवसांत मिठाईवाल्यांचा, पाळणेवाल्यांचा माल गावोगाव जायचा. वर्षाची निम्मी कमाई त्या पंधरा दिवसांत व्हायची. टेम्पो गेला तर लेकीचा संसार माझ्या शेगडीवर येणार हे तिघांनाही ठाऊक होतं. जवाई स्वभावानं वाईट नव्हता. एकच खोड होती. गोदामातल्या टेबलावर त्याच्यासारखा हात साकोलीत कोणाचा नव्हता, आणि लोकांनी तसं म्हटलेलं त्याला आवडायचं. पैशावर खेळणार नाही अशी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.

दिवाळी आली. सगळे जेवणारे गेले, हे दोघे राहिले. मोठा म्हणाला, घरी कोणी नाही, मायबाप गेले, बहीण तर देवानं दिलीच नाही. हे त्यानं अनारसा खाता खाता सांगितलं. माझ्या लेकीला भाऊ नाही. दर भाऊबीजेला ती अंगणात येऊन चंद्राला ओवाळते, जसं भाऊ नसलेल्या बाया करतात. त्या संध्याकाळी ती ताट घेऊन निघाली तर जवाईच म्हणाला, "चंद्राले कायले ओवाळतं? घरात माणूस बसून आहे."

त्याला पाटावर बसवलं. त्यानं डोक्यावर रुमाल टाकला, डोळे मिटले. लेकीनं कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं ताटात पाचशेची नोट टाकली आणि चष्मा काढून डोळे पुसले. काडीसारखा दारात उभा होता. तोही रडल्यासारखं करत होता. मी स्वयंपाकघरातून हे सगळं पाहिलं. तेव्हाही मी फक्त ताट घासायला घेतलं.

त्या दिवसानंतर जवाई आणि तो मेव्हणे झाले. रस्ता ओलांडून गोदामात सोबत जायचे. मोठा खेळायचा आणि हरायचा. गोटी जाळीच्या तोंडाशी नेऊन सोडायचा आणि स्वतःच्या कपाळावर हात मारायचा. जवाई घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवायचा, माझी लेक हसायची. काडीसारखा मोठ्याच्या बाजूनं पैसे लावायचा आणि हरून शिव्या द्यायचा. शपथेचं काय झालं असं लेकीनं विचारलं तर जवाई म्हणाला, घरच्या माणसासोबत खेळणं म्हणजे जुगार थोडीच, आणि जिंकलेले पैसे तिच्या हातात ठेवले. तिनं ते घेतले. हेही सांगायला पाहिजे.

एकोडीच्या मंडईच्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत होते. गोदामाशेजारचा पानठेलेवाला रस्ता ओलांडून आला आणि लेकीला म्हणाला, "वहिनी, जरा चाला. टेम्पोची गोष्ट आहे."

आम्ही दोघी गेलो. त्या गोदामात बाई गेलेली कोणी पाहिली नव्हती. लोकांनी वाट दिली. काय झालं ते कोणी सांगायची गरज पडली नाही. हिरव्या कापडावर टेम्पोची चावी पडली होती आणि तिच्याजवळ मोठा उभा होता, काठी काखेत. जवाई भिंतीला टेकून बसला होता. सकाळी टेम्पोत भरलेली मिठाईची खोकी बाहेर उन्हात तशीच होती. नंतर कळलं की शेवटच्या डावात मोठ्यानं सात गोट्या ओळीनं घातल्या आणि जवायाला एकदाही काठी उचलायला मिळाली नाही.

मी विचारलं, "कोणत्या मिलचे रोल बदलवले गा तुमी?"

काही जण हसले. त्याला राग आला नाही. "माय, खेल की बात है," तो म्हणाला. "दामादजीनं खुद लावली. मी तर दोनदा मना केलं, पूछ लो."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यानं खरंच दोनदा मना केलं होतं. तेही त्यांच्या कामातच येतं.

मग त्यानं चावी उचलली आणि माझ्या लेकीपुढं धरली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊबीज अधूरी राहिली होती बहिणी. पाचशे रुपये काही ओवाळणी होते का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावातल्या, मिशा फुटलेल्या, पोराबाळांच्या बापांनी टाळ्या वाजवल्या. पानठेलेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठा वाकून माझ्या पाया पडायला आला. मी पाय मागे घेतले, तर कोणी तरी म्हणालं, "म्हातारी दगड आहे, एवढा देवमाणूस समोर असून."

लेकीनं चावी घेतली. ती हसली नाही, रडली नाही. मी जवायाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर लाज शोधत होते. लाज कुठं नव्हती. देवळात नवस फेडायला आलेल्या माणसाचं तोंड असतं तसं त्याचं तोंड झालं होतं.

आठ दिवसांनी तो त्यांच्याबरोबर गेला. दोन शर्ट पिशवीत टाकले आणि म्हणाला, "असा हात मी पाह्यला नाही. मले शिकवतो म्हणते. दोन-चार महिन्यात येतो, पैसा घेऊन येतो."

तेव्हा मला हिशेब लागला. जुना टेम्पो त्या लोकांच्या काय कामाचा? कागद नावावर करत कोण बसणार? त्यांना पाहिजे होता इकडची बोली बोलणारा, इकडच्या घरांत मामा-मावशी असणारा, चांगल्या हाताचा माणूस. गावोगावच्या टेबलावर त्यांचं तोंड ओळखीचं होत चाललं असेल. टेम्पो परत देऊन त्यांनी माणूस नेला, आणि वर गावाकडून टाळ्या घेतल्या.

तो गेला त्या दिवशी लेक भांडी विसळत होती. पाठ माझ्याकडे होती.

"आई, तुले माहीत होतं?"

"होतं."

"कवापासून?"

"आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"महिन्याचे पैसे घेतले होते."

ती भांडी विसळत राहिली. त्यानंतर तिनं ही गोष्ट कधी काढली नाही, मीही काढली नाही. दोन महिन्यांत ती टेम्पो चालवायला शिकली. आधी बाजारचे लोक पाहत राहायचे, आता बाजूला सरकतात.

जवाई वर्षात चारदा आला. येताना पैसे आणायचा, कधी साडी. केस कापून नीट, हात साबणानं धुतलेले. बोलणं गोड झालं होतं. लेक वाढायची, तो जेवायचा, दोघांत फार बोलणं नसायचं. संसार मोडला असं म्हणायला काही हाती नव्हतं, आणि आहे असं म्हणायलाही नव्हतं.

या वर्षी भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी दुपारी आला. कपाळावर वाळलेलं कुंकू होतं. लेकीला वाटलं, एकोडीला बहिणीकडे जाऊन आला. त्याची सख्खी बहीण तिथंच दिली आहे, दर वर्षी याची वाट पाहते. लेकीनं लाखोळीची डाळ केली होती, त्याला आवडते म्हणून. तो बसला. खानावळीत आणखी पाच-सहा जण जेवत होते.

लेकीनं बहिणीची तब्येत विचारली.

तो म्हणाला, एकोडीला जायला जमलंच नाही. काम सिहोऱ्याकडे होतं. तिथं एका घरी जेवणाची सोय केली होती. घरचा माणूस दूधवाला, खेळायचा शौकीन. त्याच्या बायकोला भाऊ नव्हता. "मी म्हटलं मले बहीण नाही," तो हसून म्हणाला. "तिनं आजच सकाळी पुन्हा टिळा लावून देल्ला. त्याची गाडी डावात आली, बाहेर उभी हाये, पाहून घे."

बाहेर दूधवाल्याची मोटरसायकल उभी होती. मागं कॅन टांगायची लोखंडी कडी तशीच होती.

म्हणजे त्या दिवशी आमच्या पाटावर डोळे मिटून बसणं, तो रुमाल, ते चष्मा काढून डोळे पुसणं, हे सगळं शिकवायचा धडाच होता. अनारसा खाताना जे सांगितलं तेही. आणि या माणसानं तो धडा पाठ केला होता. त्याची सख्खी बहीण तिकडे ताट घेऊन बसली असेल. मी त्याच्या ताटाकडे पाहिलं. डावा हात ताटाजवळ टेकलेला होता. चार बोटं पसरलेली, अंगठा वर.

माझ्या खानावळीत जेवत्या माणसापुढचं ताट आजवर कोणी उचललं नाही. ज्यानं भिंतीवर मारलं त्यालाही मी दुसरं वाढलं होतं. तो नियम माझ्या सासूच्याही आधीचा आहे.

लेकीनं हातातली वरणाची बादली खाली ठेवली. दोन्ही हातांनी त्याचं ताट उचललं. भात अर्धा होता, डाळीत कालवलेला. त्याचा उजवा हात हवेत राहिला.

"घास तर घेऊ दे," तो म्हणाला. अजून हसतच होता.

ती म्हणाली, "पहिले त्या बाईची गाडी देऊन ये."

बाकीचे जेवायचे थांबले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मोठी, मी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी शेजारच्या माणसाला पोळी वाढली.

तो उठला, नळावर हात धुतले, साबण लावून, आणि गाडीवर बसून गेला. सिहोऱ्याचा रस्ता डावीकडे आहे. तो उजवीकडे वळला. लेकीनं दारात उभं राहून ते पाहिलं. मग आत येऊन ताटातला भात कुत्र्याच्या खापरात टाकला, ताट घासलं आणि पाणी निथळायला उपडं ठेवलं.