आजारी ‘पडण्या’चा हिशेब

अकोल्याला मोठी गाडी सोडून वाशीमकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीच्या गाडीत बसलो, तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. गोष्ट पंचाहत्तरच्या आसपासची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं आणि मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवत होतो.

अकोल्याच्या जिल्हा परिषदेच्या साहेबांनी दिलेलं काम सोपं वाटत होतं. गावं दोन, नर्सबाई एक. तिच्या राहण्याची आणि औषधांची खोली कुठे बांधायची, ते मी सांगायचं होतं. त्यासाठी मी एक मॉडेल तयार केलं होतं: आजारपणात कामाचे किती दिवस बुडतात ते घरोघर विचारायचं आणि जिथे जास्त बुडतात तिथे खोली द्यायची. चिठ्ठ्या नकोत, वशिले नकोत. समोर बसलेल्या एका व्यापाऱ्याला मी ते माझं उतरायचं स्टेशन, जऊळका, येईपर्यंत समजावून सांगितलं. गृहस्थ मध्येच केव्हातरी झोपी गेले होते.

जऊळक्याला दमणी (हलकी बैलगाडी) मिळाली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बांधाकडेला तूर पिवळी झालेली. कापसासाठी कमरेला ओट्या बांधलेल्या बाया वाकून वेचणी करत होत्या. मला ते दृश्य फार प्रसन्न वाटलं. वाकलेल्या माणसाला ते कसं वाटत असेल, हे काही मनात आलं नाही.

पहिला मुक्काम मोठ्या गावात. पाटलांच्या ओसरीवर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा असं जेवण झालं. मग दुखण्यांची मैफलच जमली. पाटील म्हणाले, “मी तं पित्तानं आठ रोज पडूनच होतो.” दुसऱ्याची कंबर, तिसऱ्याचं डोकं. सगळे हौसेने सांगत होते आणि माझी वही भरत होती.

दुसरं गाव नाल्यापलीकडे, लहान. बहुतेक घरं बौद्ध मजुरांची. मी शाळेच्या खोलीत उतरलो. शाळा झाडून माठ भरून ठेवणाऱ्या गीताबाई मला घरोघर घेऊन गेल्या. सुरुवात त्यांच्याच घरापासून झाली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शेणाने सारवलेली स्वच्छ जमीन.

“गेल्या महिन्यात किती दिवस आजारी पडलात?”

“नाई पडली.”

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. शून्य, शून्य, शून्य. इथलं पाणी चांगलं असावं, असं मी वहीच्या कडेला लिहूनही ठेवलं.

परतताना गीताबाईंनी विचारलं, “साहेब, नर्सबाई इथंच राहीन ना? माही पोरगी बाळंतपणाले येऊन राह्यली. पहिल्या खेपेले नाल्याले पूर होता. तिले पलीकडं नेता आलं नाई. लेकरू गेलं.”

“हिशेब सांगेल तसं,” मी म्हणालो. हिशेब काय सांगणार ते मला तोवर कळलं होतं. तरी मी त्यांच्याकडे न बघता असं बोललो, याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुडहुडी भरली. हिवतापच तो. बाजेवर (खाटेवर) दोन गोधड्या घेऊन कण्हत पडलो. वेचणीला निघालेल्या गीताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या घेताना त्यांच्या हाताला हात लागला आणि मी दचकलो. हात माझ्या कपाळापेक्षा तापलेला होता.

“गीताबाई, तुम्हाला ताप आहे!”

“असन. चार रोज झाले.”

“मग काल आजारी नाही म्हणून काहून सांगितलंत?” माझ्या तोंडी त्यांचीच भाषा आली.

त्या हसल्या. “तुमी इचारलं, पडली का? मी पडली थोडीच हाव, भाऊ? उभी तं हाव तुमच्यापुढं. पडली तं चूल कोन पेटवन?” आणि पदर खोचून निघून गेल्या.

मी गोधडीत तसाच पडून राहिलो. पडून राहिलो, हाच शब्द. माझ्या वहीत आजारांचा हिशेब नव्हताच. कोणाला पडून राहणं परवडतं, एवढाच होता.

ताप उतरल्यावर मी दोन्ही गावं पुन्हा फिरलो. या वेळी विचारलं, “अंगात ताप असताना, दुखत असताना किती दिवस कामाला गेलात?” एक म्हातारा म्हणाला, “असं इचारा ना मंग!” शून्यांच्या जागी आकडे आले आणि लहान गाव मोठ्याच्या कितीतरी पुढे गेलं.

अकोल्याच्या साहेबांना नवे कागद आवडले नाहीत. तुमच्याच मॉडेलवर तुमचा भरवसा नाही का, असं त्यांनी विचारलं. चूक माझ्या प्रश्नात होती, हे मी त्यांना दोनदा सांगितलं आणि सही होईपर्यंत खुर्चीतून उठलो नाही. शेवटी कुरकुरत का होईना, त्यांनी खोली लहान गावाला दिली. ती बांधून होईपर्यंत नर्सबाई शाळेच्या खोलीत राहणार होती, म्हणजे गीताबाईंच्या मुलीला बाळंतपणासाठी नाला ओलांडावा लागणार नव्हता.

पुण्यात दार उघडताच आई म्हणाली, “किती वाळलास रे! आजारी पडला होतास का?”

“हो,” मी म्हटलं, “मला पडता आलं.”