खालांचा झिरा

दुष्काळाच्या त्या वर्षांत शहराच्या कडेला आमची वसाहत नुकतीच उभी राहत होती. नळ आले नव्हते. दुपारी टँकरची वाट बघत मी पायरीवर बसायचे आणि फोनवर मराठी शब्दांविषयीचा एक ब्लॉग वाचायचे. वाचता वाचता समोरचं ऊन, रिकाम्या घागरी, सगळं विरून जायचं.

एकदा ब्लॉगवर विचारलं होतं, कोरड्या नदीत वाळू उकरून पाणी काढतात, त्या खड्ड्याला तुमच्याकडं काय म्हणतात? मी शेजारच्या खालांना विचारलं. त्या मूळच्या पिशोरच्या.

"झिरा," त्या म्हणाल्या. "अम्मी वाटीवाटीनं पाणी भरायची. घागर भरेपर्यंत मी तिथंच वाळूत झोपून जायची. लई गार लागायची वाळू."

मी ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. आठवड्यानं ब्लॉगवर झिरा आला, वाळूतल्या झोपेसकट. मी वाचून दाखवलं. खालांनी डोळे मिटून ऐकलं.

"फिर से पढ ना," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "त्यात अम्मीचं नाव टाकता येतं का?"

लेखाखालच्या प्रतिक्रियेत मी ते नाव लिहिलं.