गोग्रास काढलास का?

अक्का गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी हेब्बाळजवळ रिक्षात होतो. रिक्षावाल्याने वळून कानडीत विचारलं, "सरी ना, सार?" बरं आहे ना, म्हणून. त्याला आता दीड महिना झाला.

वसुधाअक्का मूळची निपाणीकडची. आमच्या संस्थेत ती माणसाच्या पेशी वाढवायची आणि मी, पुण्याहून आलेला रसायनवाला, चांदीचे नॅनोकण बनवायचो, डोळ्यांना न दिसणारे. जखमेच्या पट्टीत ते घातले की जंतू मरतात, एवढ्यावर मी खूश होतो. ते आपल्या पेशींना तरी कशाला सोडतील, ही शंका फक्त तिला. दर प्रयोगाआधी थाळीतला एक खण ती बिनपेशींचा ठेवी, त्यात कण आणि रंग तेवढे घाली. त्याला ती गोग्रास म्हणे, जेवणाआधी गाईसाठी बाजूला काढतात तसा.

चाचणी सोपी होती. पेशी जिवंत असल्या की रंग जांभळा होतो, आणि माझी अख्खी थाळी जांभळी झाली. पुढच्याच आठवड्यात पट्टी भाजलेल्या रुग्णांवर वापरून पाहायची होती. मी पेढेच घेऊन गेलो. "गोग्रास काढलास का?" तिने विचारलं. "घाईत राहिला, अक्का. एवढं काय त्यात?" "स्वल्प दम धर की."

तिने माझ्यासमोर तो खण भरला. त्यात एकही पेशी नाही, आणि चार तासांनी तोही जांभळा! माझे कणच रंग बदलत होते. मग तिने पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. एरवी तळाला धरून पसरणाऱ्या पेशी गोल होऊन सुटल्या होत्या. कण आत शिरतात, तिथे चांदी झिजत राहते आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणाच कोलमडते, हे तिने शांतपणे समजावलं. "हे भाजलेल्या कातडीवर लावणार होतास," एवढंच वर म्हणाली.

माझा तिळपापड झाला. पेढे तसेच परत नेले, आठ दिवस बोललो नाही. पट्टी थांबली. जंतू मरावेत पण कातडी वाचावी, असं प्रमाण शोधायला पुढे दोन वर्षं लागली आणि ती सगळी दोन वर्षं अक्का माझ्या शेजारी बसली. इतक्या मोठ्या मनाचा जीव मी जवळून दुसरा पाहिला नाही. आभार मानायला गेलो तर म्हणाली, "ते राहू दे, माझे पेढे आण की."

परवा घाईत मी थाळीचे सगळे खण पेशींनी भरून टाकले. झाकणावर, पहिल्या खणाच्या वर, अक्का 'गो' लिहायची ती जागा कोरी दिसली आणि हात थांबला. थाळी टाकून दिली, नवी घेतली, आधी 'गो' लिहिलं. विचारणारं कुणीच नव्हतं. तरी मोठ्याने म्हणालो, "काढलाय, अक्का."