धुपात लावलेलं शून्य

अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं. सातपूरच्या आमच्या शेडमध्ये छोट्या विमानांची इंजिनं तपासायचं काम चाले. त्यातल्या ज्या डब्यात इंधन जळतं, त्याची हवेची भोकं मी नव्याने आखली होती, कार्बन मोनॉक्साइड कमी सुटावा म्हणून. इंजिन संथ चालतं तेव्हा इंधन अर्धवट जळतं आणि हा विषारी वायू भरपूर सुटतो. नेमका तेव्हाच आमचा मेकॅनिक शेजारी उभा राहून पाने फिरवत असायचा.

सायखेड्याहून येणारा हा माणूस कधी कुरकुर करत नसे. एकदा एवढंच म्हणाला, "मॅडम, डोकं लय धरतं. घरी गेल्यावर अन्नावर वासना नाय राहत."

मी मालकांकडे धूर बाहेर नेणारं धुराडं मागितलं. ते म्हणाले, "तुमच्या नव्या डब्याने वायूचा आकडा उतरला तर धुराडं कशाला? नाही उतरला तर बसवू."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. दारं लावून गोवरीवर धूप घातला. पूजेला माझी कधीच हरकत नव्हती. पण मुहूर्त साधायचा म्हणून मालकांनी त्याच धुरात वायू मोजायचा मीटर सुरू करायला लावला. मीटर आधी स्वच्छ हवेत शून्यावर आणावा लागतो. गोवरीच्या धुरातही तोच वायू असतो. त्या हवेलाच शून्य धरलं की पुढचा प्रत्येक आकडा तेवढा कमी दिसणार. मी हे तिथल्या तिथे सांगितलं.

"सणासुदीला अपशकुन नको," मालक म्हणाले. इंजिन चालवलं, आकडा झकास कमी आला. पेढे वाटले, माझं कौतुकही झालं. तो पेढा मला गिळवेना, इतका संताप आला होता.

सुट्टी संपल्यावर मी मीटर बाहेर मोकळ्या हवेत शून्यावर आणला, मग इंजिन संथ चालवलं. आकडा चांगलाच वर गेला. माझा डबा जुन्यापेक्षा बरा होता, पण शेजारी माणूस उभा करावा इतका नव्हे. हे कबूल करायला मला कसली लाज?

मालकांना बोलावलं. "साहेब, आत येऊन स्वतः बघा."

ते दारातच थांबले. मेकॅनिक इंजिनाला खेटून उभा होता. मालकांनी खिशातून रुमाल काढला, नाकाला घट्ट लावला आणि त्याच्या आडून म्हणाले, "पूजेच्या दिवशीचाच आकडा धरा. धुराड्याची काही गरज दिसत नाही."