गोणपाटातली व्हीबी

वटार गावातल्या एका वाडीत, पंपाच्या खोलीत गोणपाट उलगडला, तो क्षण मी निवृत्तीनंतरही विसरलेलो नाही. आत तेल लावलेली मशीनगन होती.

खबर सकाळी ठाण्यात आली. विहिरीची मोटर दुरुस्त करायला गेलेल्या मिस्त्रीने पाना शोधताना ती पाहिली होती. माझा संशय आधी त्याच्यावरच गेला. वाडीच्या आसपास इमारती चढत होत्या आणि म्हाताऱ्या मालकाला जमिनीसाठी कोणी अडकवू पाहत असेल, तर ही खबर अगदी सोयीची होती. दोन पंच घेऊन आम्ही गेलो. माल खरा निघाला.

मालक पंचाहत्तरीचा, केळी आणि नारळावर जगलेला. बंदूक पाहून त्याने कपाळाला हात लावला नाही, उलट आम्हालाच दटावलं.

"हलू धरा, साहेब. बाबांची हाय ती. बर्माच्या लढाईत चालवली त्यांनी."

"परवाना?"

"बापाच्या वस्तूला कसला परवाना? हे बघा, नाव कोरलंय त्यांचं."

त्याने बोट ठेवलं तिथे 'डी पी' अशी इंग्रजी अक्षरं होती. बापाच्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरंही तीच. मी खूश झालो. मालकी आरोपीनेच कबूल केली होती, वर पुरावाही दाखवला होता. पंचनाम्यात तसं नोंदवलं आणि त्याला अटक केली. प्रतिबंधित शस्त्राचा गुन्हा म्हणजे या वयात उरलेलं आयुष्य तुरुंगातच.

चौकशीत दोन दिवस मी एकच धरून बसलो होतो: तेल ताजं का? लपवणारा माणूस विचारलं त्याहून कमी बोलतो. हा जास्त बोलत होता, म्हणून मला तो अधिकच लबाड वाटला.

"दर अवसेला तेल लावतो. बाबांनी सांगितलंय, झिजू द्यायची नाय."

तिसऱ्या दिवशी मुख्यालयातून शस्त्रागाराचे हवालदार आले. आयुष्य बंदुकांत गेलेला माणूस. त्यांनी गोणपाट उघडला आणि चष्मा पुसला.

"साहेब, लोक हिला ब्रेन गन समजतील. दोन्हींना वरून वाकडं मॅगझिन, तीस गोळ्यांचं. पण ही व्हीबी. विलायतेतल्या चाचणीत ब्रेन जिंकली, आपल्या फौजेने मात्र युद्धाआधी हीच घेतली. बंगालच्या कारखान्यात बनायची. गोळी सुटली की तिचाच वायू दट्ट्या मागे ढकलतो आणि पुढची गोळी भरली जाते. नळी तापली की या मुठीला धरून बदलायची. पुढे सगळीकडे ब्रेन आली, ही मागे पडली. मीसुद्धा एकदाच पाहिलीय."

मग त्यांनी नळीत बॅटरी मारली आणि हसले.

"आणि हिच्यातून आता टिकलीसुद्धा उडायची नाही. नळीला भोक पाडलंय, गोळीवर आपटणारी पिन काढलीय. डीपी म्हणजे ड्रिल परपज. कवायतीची बंदूक."

मी पंचनामा पुन्हा वाचला. मला शरम वाटली. तज्ज्ञाचा लेखी अहवाल जोडून म्हाताऱ्याला जातमुचलक्यावर सोडलं, पुढे प्रकरणही बंद झालं.

पण सुटतोय आणि का सुटतोय, हे सांगितलं तेव्हा तो उठलाच नाही. "म्हंजे हे बाबांचं नाव नाय? लढाईत नव्हतीच ती?"

हवालदार त्याच्याशेजारी बसले. "काका, लढाईत झिजलेली बंदूकच मग कवायतीला लावायचे. नवी कोण भोक पाडून वाया घालवेल?"

म्हातारा मान हलवत उठला. बंदूक जप्तीतच राहिली.

हवा तसा पुरावा हाती आला की पहिला संशय स्वतःवर घ्यावा, हे मी त्या प्रकरणात शिकलो. हवालदार खरं बोलले की म्हाताऱ्याचं मन राखायला, हा संशय मात्र मला आजही आहे. बंदुकीवर क्रमांक होता. फौजेच्या कार्यालयाला एक पत्र पाठवलं असतं, तर ती लढाईत होती की नाही, हे कदाचित कळलं असतं. मसुदा तयार होता. मी सही केली नाही.